रस्त्याची कड

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत, रस्तारुंदीत घर कुठवर जाणार ते सांगणारी लाल रंगाची खूण भिंतीवर उमटली की शेजाऱ्यांत दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, शहर वाढतंय, रस्ता रुंद व्हायलाच पाहिजे. दुसऱ्याचं म्हणणं, पणजोबांच्या वेळचा ओटा आहे, त्याला हात लागता कामा नये. दोघंही पोटतिडकीनं बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यानं नकाशावरची रेघ तसूभर हलत नाही. रेघ हलते ती मापानं. कुठल्या खुणेपासून मोजलं, किती मोजलं आणि ते जागेवर जुळतं का, या तीन प्रश्नांपुढे मात्र अभियंत्याला फाइल पुन्हा उघडावी लागते.

इंदूरकरांनी गेल्या काही वर्षांत रस्त्यांचे प्रयोग भरपूर पाहिले. आग्रा-मुंबई रस्त्यावरचा निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी मधोमध राखून ठेवलेला मार्ग, १० मे २०१३ रोजी सुरू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो काढून टाकायची घोषणा झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि लोखंडी कठडे उखडायला सुरुवात झाली. त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रोचा सुमारे सहा किलोमीटरचा, पाच स्थानकांचा पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरवर सुरू झाला. बडा गणपती ते कृष्णपुरा छत्री हा रस्ता साठ फुटी करताना घरांचे दर्शनी भाग गेले. प्रत्येक वेळी वाद रंगला तो रस्त्याच्या मधोमध काय असावं यावर. बस, मोटार की मेट्रोचा खांब? काम झाल्यावर आलेल्या तक्रारी मात्र जवळजवळ सगळ्या कडेच्या असतात. पायरी तुटली, पाणी घरात आलं, गाडी लावायला जागा नाही, आईला रस्ता ओलांडता येत नाही. कडेचे दोन-तीन मीटर नीट आखले तर मधलं पुष्कळसं निभावून जातं. कडेला घोळ ठेवला तर मध्ये कितीही कोटी ओता, रस्ता तुंबायचा तो तुंबतोच.

साठ फूट म्हणजे सुमारे १८.३ मीटर. त्यात तीन-तीन मीटरच्या चार लेन धरल्या की १२ मीटर संपले. उरले ६.३, म्हणजे प्रत्येक बाजूला ३.१५ मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फुटपाथावर चालायची मोकळी पट्टी निदान १.८ मीटर हवी. झाडं, विजेचे खांब, डीपी (वीजवाटपाच्या पेट्या) यांना रस्त्याच्या अंगाला ०.९ मीटर द्या, भिंतीलगत दुकानाची पायरी आणि लटकवलेला माल यांसाठी हातभर, म्हणजे ०.४५ मीटरची पट्टी सोडा. बेरीज बरोबर ३.१५. कागदावर सगळं तंतोतंत बसलं. फक्त गाड्या कुठे लावायच्या ते यात कुठेच नाही.

आणि ज्याला नकाशात जागा नसते तो जागेवर स्वतःची जागा करून घेतो. दुचाकी आडवी लावली तर दोन मीटर खाते, मोटार रस्त्याला समांतर लावली तरी दार उघडायला धरून अडीच. दोन्हीकडे अशी रांग लागली की चार लेनच्या दोन झाल्या, आणि ज्या रुंदीसाठी घरं कापली ती रुंदी उभ्या गाड्यांच्या नावे झाली. म्हणून नकाशा हातात आला की पहिला प्रश्न पार्किंगचा विचारायचा. ‘नंतर बघू’ असं उत्तर मिळालं तर फुटपाथ गेला म्हणून समजावं. प्रामाणिक आराखडा असा असतो: लेन चारऐवजी दोन-तीन, अधूनमधून पार्किंगचे खिसे, चौकाजवळ पार्किंग बंद आणि तिथे फुटपाथ पुढे आलेला, म्हणजे ओलांडायचं अंतर कमी. आपल्याकडे लेन कमी म्हटलं की मागास वाटतं. पण दोन लेन सलग वाहणं हे चार लेन अडखळत चालण्यापेक्षा केव्हाही बरं.

फुटपाथाची उंची हे दुसरं दुखणं. १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त उंच फुटपाथ वयस्कर माणूस चढत नाही. वाहनं चढू नयेत म्हणून तो फूटभर उंच केला की लोक खाली रस्त्यावरून चालतात, रिकामा फुटपाथ दुकानं व्यापतात आणि वर ‘लोकांना शिस्त नाही’ हे ऐकायला मिळतं. प्रत्येक फाटकापाशी फुटपाथ खाली उतरवून पुन्हा वर चढवायची पद्धतही अशीच. शंभर मीटरांत आठ फाटकं असली तर आठ वेळा चढ-उतार. उतार द्यायचाच तर तो बाहेरच्या ०.९ मीटरच्या पट्टीत द्यावा आणि चालायची पट्टी सपाट ठेवावी. मोटारीचं चाक तेवढा उतार सहज चढतं. व्हीलचेअरसाठी मात्र चढ १२ ला १ हवा, म्हणजे १५ सेंटिमीटरला १.८ मीटर लांबीचा. ओलांडायच्या जागी तो नकाशात दाखवलेला आहे का, एवढं पाहायचं.

आता घरांकडे. आपल्या जुन्या घरांचा सांगाडा लाकडी. खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाटण. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि घर मोजायचं ते खणांत. नगर निगमची रेघ मात्र मीटरात येते, तिला खणाशी देणं-घेणं नसतं. रेघ खणाच्या मधून गेली तर तुळई अर्ध्यात कापावी लागते, पुढचं टोक अधांतरी राहतं आणि वरच्या मजल्याचा भार झेलायला आत नवा खांब उभा करावा लागतो. तीच रेघ खांबाच्या बाहेरच्या अंगाला आली तर नुसती ओट्याची भिंत आणि पुढची पडवी जाते, सांगाडा शाबूत राहतो. हा फरक कित्येकदा ३०-४० सेंटिमीटरचा असतो. त्यामुळे ‘आमचं घर वाचवा’ या अर्जापेक्षा ‘मध्यरेषेपासून आमचा पहिला खांब इतक्या मीटरवर आहे, रेघ ३५ सेंटिमीटर सरकवली तर सांगाडा वाचतो आणि वाहनांच्या पट्टीला धक्का लागत नाही’ हा अर्ज कितीतरी जड. बरोबर एकास पन्नास प्रमाणात काढलेली घराची आखणी जोडावी. तीत खांब, जिना, सामाईक भिंत, नळाचा आणि विजेचा मीटर, पुढच्या अंगणातलं गटाराचं चेंबर, सगळं दाखवावं. जिना पुढच्या खणात असेल तर ठळक दाखवावा, कारण जिना गेला की वरचे दोन मजले पोहोचण्यावाचून पडून राहतात आणि नुकसानीच्या हिशेबात ते क्वचितच धरलेलं असतं.

आणखी एक मार्ग असतो, तो फार कमी ठिकाणी मागितला जातो. खांब तसेच ठेवून तळमजल्याची पुढची भिंत मागे घ्यायची आणि ओसरीखालून फुटपाथ न्यायचा. वर घर, खाली सावलीतून चालणारी माणसं. मे महिन्यात इंदूरच्या बाजारात दुपारी फिरणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

कापायचंच ठरलं तर घाई नडते. आधी टेकू लावायचे, तेही मागच्या दोन खणांपर्यंत, मग वरच्या मजल्यापासून खाली यायचं, लाकूड करवतीनं कापायचं. जेसीबीचा पंजा लावून ओढलं तर खाच-कुसवात बसवलेले सांधे तो झटका मागच्या भिंतीपर्यंत पोहोचवतात, आणि सामाईक भिंत असली तर शेजाऱ्याच्या घरालाही भेग जाते. कापलेल्या तुळईचं टोक सिमेंटात गाडून टाकायची सवय वाईट. आत ओल कोंडते आणि पाच-सात पावसाळ्यांत लाकूड आतून कुजतं. टोकाला तेल द्यावं, वर पत्र्याची टोपी करावी, हवा लागू द्यावी. नव्या खांबाचा पाया काळ्या मातीत ठेवू नये. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि खांब तिच्याबरोबर वर-खाली होतो. खाली मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत खणावंच लागतं.

पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारानं १९१८ साली होळकर दरबाराला इंदूरचा दोन खंडी अहवाल दिला होता. जुन्या वस्तीतून सरळसोट रस्ते फाडण्याच्या तो विरोधात होता. त्याची रीत अशी: आधी गल्ली न् गल्ली पायी फिरून पाहणी, मग पडकी, सोडून दिलेली घरं हेरून तेवढीच काढायची, तिथे छोटं मोकळं अंगण करायचं, बाकीचं वाकडंतिकडं आहे तसं राहू द्यायचं. प्लेगच्या भीतीत असलेल्या शहरात त्यानं दिवाळीला मिरवणूक काढवली आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या वाटेनं जाणार नाही, ज्या रस्त्यांवर जास्त झाडलोट आणि डागडुजी होईल तिथून जाईल. लोकांनी आपापली दारं रंगवली, गाड्या भरभरून कचरा बाहेर काढला. स्वच्छतेत २०१७ पासून सलग सात वर्षं पहिल्या आलेल्या शहराला ही युक्ती ओळखीची वाटेल. त्याच्या पाहणीची पद्धत मात्र आपण विसरलो. आता पाहणी ड्रोननं होते, आणि ड्रोनला छप्पर दिसतं, खांब दिसत नाही.

पाण्याचं गणित सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत दुर्लक्षित. डांबराचा प्रत्येक नवा थर रस्ता चार-पाच सेंटिमीटर उंच करतो, जुन्यावर काँक्रीट ओतलं तर एका दमात वीस सेंटिमीटर. घराचं जोतं तिथेच राहतं. असे दोन-तीन फेरे झाले की एके काळी तीन पायऱ्या चढून जायचं घर रस्त्याच्या पातळीला येतं आणि जुलैतल्या पहिल्या मोठ्या सरीला पाणी उंबरा ओलांडतं. म्हणून काम सुरू होण्याआधी जोत्यावर रंगानं आडवी रेघ मारावी, तिथपासून रस्त्यापर्यंतची उंची टेपनं मोजावी आणि तारखेचा फोटो काढून ठेवावा. नकाशात ‘अंतिम पृष्ठपातळी’ दिलेली असते. ती आजच्या पातळीपेक्षा वर असेल तर जुना थर खरवडून काढण्याची तरतूद अंदाजपत्रकात आहे का, हे विचारायचं. तरतूद नसेल तर ठेकेदार ती करणार नाही. त्याला दोष देण्यातही अर्थ नाही, त्याला त्याचे पैसेच मिळायचे नसतात.

गटारं झाकून फुटपाथाखाली गेली की पाणी आत शिरायला जाळ्या लागतात. त्या रस्त्याच्या खोलगट कडेला हव्यात, चौकाच्या वरच्या अंगाला हव्यात, आणि आडव्या जाळीपेक्षा फुटपाथाच्या उभ्या कडेत ठेवलेलं तोंड बरं, कारण आडवी जाळी पानं आणि पिशव्यांनी एका पावसात बुजते. नर्मदेच्या पाण्याच्या वाहिन्या, मलवाहिन्या, केबल या सगळ्यांची कामं काँक्रीट पडायच्या आधी व्हावीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ती नंतरच होतात, कारण त्यांची अंदाजपत्रकं आणि निविदा वेगळ्या. उपाय महाग नाही. दर २५-३० मीटरवर रस्त्याच्या आरपार रिकाम्या पाइपा टाकून ठेवायच्या. पुढे नवी जोडणी द्यायची झाली तर त्यातून ओढता येते, काँक्रीट फोडावं लागत नाही. नळाची वाहिनी मलवाहिनीच्या वरून आणि शक्य तितकी लांबून गेली पाहिजे. अरुंद गल्लीत ठेकेदार दोन्ही एकाच चरात टाकायला बघतो, तिथे उभं राहून पाहायला हवं.

बीआरटीएसबद्दल एक गोष्ट त्याचे समर्थक आणि विरोधक दोघांच्याही बोलण्यातून निसटते. स्थानक रस्त्याच्या मध्यावर होतं तेव्हा प्रवाशाला जाताना अर्धा रस्ता आणि येताना अर्धा रस्ता ओलांडावा लागे. थांबा डाव्या कडेला आला की एका फेरीत काहीच नाही, दुसऱ्या फेरीत पूर्ण रस्ता. तीस मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर या नेहमीच्या चालीनं ओलांडायला २५ सेकंद लागतात. गुडघे दुखणाऱ्या आजींची चाल ०.९ धरली तर ३३. सिग्नलवर पायी चालणाऱ्यांना १५ सेकंद मिळत असतील तर त्या मध्येच अडकणार, आणि कठड्यांबरोबर मधलं दुभाजकही अरुंद झालं असेल तर उभं कुठे राहणार? सिग्नलची वेळ घड्याळ लावून मोजणं कुणालाही जमतं. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री अशी तीनदा मोजून लिहून द्यावी.

थांबा चौकाच्या अलीकडे नको, पलीकडे हवा. अलीकडे असला तर उभी बस डावीकडे वळणाऱ्यांना अडवते आणि हिरवा दिवा तिच्या मागच्या सगळ्यांचा वाया जातो. बससाठी कडेला खाच करून ‘बस बे’ द्यायची हौस असते, पण तिथे पहिल्या दिवसापासून रिक्षा उभ्या राहतात, बस बाहेरच थांबते आणि प्रवासी दोन रिक्षांमधून वाट काढतो. खाच नसली आणि उलट फुटपाथच पार्किंगच्या पट्टीत पुढे आणला, तर बस आपल्या लेनमध्ये सरळ थांबते, दार कडेला लागतं. लो-फ्लोअर बसचा तळ जमिनीपासून सुमारे ४० सेंटिमीटरवर असतो. फुटपाथ १५ चा असेल तर चढायला उरले २५, जिन्याच्या पायरीपेक्षा थोडंच जास्त. बस मीटरभर लांब थांबली तर आधी खाली उतरा, मग ४० चढा. मध्यावरच्या स्थानकांसाठी उजवीकडे दार ठेवलेल्या बसचं तर कडेच्या थांब्यावर काहीच चालत नाही.

एकेरी वाहतुकीचा प्रस्ताव वरवर सुटसुटीत दिसतो. गाड्यांचा वेग वाढतो, हे खरं. पण जाणारी बस एका रस्त्यानं आणि येणारी दुसऱ्याच रस्त्यानं, त्यामुळे परतीचा थांबा शोधत गल्ल्या पार कराव्या लागतात. दुकानदाराच्या मालाची रिक्षा सगळ्या भागाला वळसा घालते. दुहेरी रस्त्यावरही दुभाजकातली फट चारशे मीटरवर असली की समोरच्या दुकानात जायला आठशे मीटरची फेरी. पेट्रोलचा भाव आणि आपला स्वभाव पाहता इंदुरी दुचाकीस्वार ती फेरी घेणार नाही, उलट्या बाजूनं येणार. अशी फट कुठे हवी हे तिथल्या रोजच्या वापरावरून ठरावं.

मेट्रोचा प्रश्न सर्वांत मोठा, आणि त्यातही कडच निर्णायक. एकतीस किलोमीटरच्या वर्तुळाकार पिवळ्या मार्गिकेचा राजवाडा, बडा गणपतीकडचा भाग जमिनीखालून जायचा आहे. भुयार यंत्रानं खोल खडकात पोखरलं जातं, तिथे वरच्या घरांना सहसा कमी त्रास होतो. त्रास असतो स्थानकाच्या पेटीचा. ती वरून खणतात, लांबी साधारण दोनशे मीटर आणि रुंदी वीसच्या वर. तेवढा रस्ता काही वर्षं पत्र्यांच्या आड जातो आणि कडेला एखादी लेन उरते. इथे विचारायचं ते असं: पेटीवर आधी छत घालून रस्ता परत सुरू करणार की तळापासून बांधत येणार? पहिल्या पद्धतीत रस्ता खूप लवकर मोकळा होतो. पाणी उपसताना आसपासच्या विहिरी, बोअरिंग आटले तर कोण मोजणार? आणि काम सुरू होण्याआधी प्रत्येक घराची भेगांसकट नोंद, मालकाच्या सहीनं, फोटोसह होणार का? ती नोंद नसेल तर नंतर पडलेली प्रत्येक भेग ‘जुनीच’ ठरते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहायची जुनी तऱ्हा आजही चालते. भेग हलली की काच तडकते.

राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि १९८४ च्या आगीत त्याचं मोठं नुकसान झालेलं. अशा नाजूक इमारतींसाठी जर्मन मानक कमी वारंवारतेच्या कंपनांना सेकंदाला ३ मिलिमीटरची मर्यादा सुचवतं. मर्यादा कितीची ठरवली, मोजणारं यंत्र कुठे बसवणार आणि आकडे रोज कुठे लावणार, हे आधी कागदावर आलं पाहिजे. बेसाल्ट फोडताना यंत्राचा ठोका बसतोच.

मेट्रो खाली गेली तरी जिने, लिफ्ट आणि हवेची धुराडी वर येतात, ती फुटपाथावरच. एक जिना चुकीच्या जागी आला की रंगपंचमीच्या गेरला (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना (मिरवणुकीतल्या फिरत्या देखाव्यांना) अडथळा होतो. झांक्या काढणाऱ्या कापड गिरण्या केव्हाच बंद पडल्या, पण त्यांच्या झांक्या निघतात, आणि त्या उंच असतात. त्यांच्या वाटेवर खांब, कमानी, आडव्या तारा, कायमचे कठडे यांची उंची-रुंदी आधी तपासावी, आणि दुभाजकाचे काही तुकडे काढता येण्याजोगे ठेवावेत. अग्निशमनाच्या बंबालाही त्याच फटी लागतात.

हरकतीची रीतही पाहून ठेवावी. मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ प्रमाणे विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस असतात. माहिती अधिकाराच्या अर्जाचं उत्तर द्यायलाही ३० दिवसच असतात, म्हणजे अर्ज करून वाट पाहत बसलं तर हरकतीची मुदत संपते. दहा रुपयांचा अर्ज पहिल्याच दिवशी टाकावा आणि सोबत फाइल प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करावी, ती लवकर मंजूर होण्याची शक्यता जास्त. गल्लीनं मिळून एकच ठोकळेबाज अर्ज पन्नास सह्यांनी देण्यापेक्षा प्रत्येक घराचा आपल्या मापांचा वेगळा अर्ज द्यावा. पन्नास सह्यांच्या अर्जाला एक उत्तर पुरतं, पन्नास अर्जांना पन्नास. पोच घेताना आवक क्रमांक आणि शिक्का पाहून घ्यावा.

मोबदला रोखीऐवजी टीडीआरच्या, म्हणजे गेलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधायच्या किंवा विकायच्या हक्काच्या रूपात देऊ केला तर तो कुठे वापरता येतो, किती दिवसांत प्रमाणपत्र मिळतं आणि दहा चौरस मीटरच्या तुकड्याला गिऱ्हाईक मिळतं का, हे आधी विचारावं. मोठ्या भूखंडाच्या मालकाला ते परवडतं. दोन खणांच्या घराला त्याचा उपयोग बहुधा तेव्हाच, जेव्हा गल्लीतले दहा-बारा जण आपापले हक्क एकत्र करून एकाच बांधकाम करणाऱ्याला विकतात. त्यासाठी कागदपत्रं, वारसांची नावं आणि नामांतरण आधी सरळ असावं लागतं. जुन्या घरांत चार भावांची नावं, त्यातले दोन पुण्यात, एक अमेरिकेत. या कामाला रस्त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा लाल खूण पडायची वाट न पाहता ते आत्ताच हातात घ्यावं.